एकतीस हजार

गाडीसोबत वही मिळाली. चौकोनी रेघांची,
कव्हरवर ससा, सशाच्या पोटावर तेलकट अंगठा.
मांबेतअली म्हणाला, "हिची किंमत धरलेली नाही,"
आणि पैसे दोनदा मोजले.

मी नारीनमध्ये दात बनवते.
दर मंगळवारी दोलोन घाट ओलांडून कोचकोरला जाते,
मागच्या सीटवर प्लास्टरचे जबडे, शालीत गुंडाळलेले.
वळणावर ते एकमेकांवर आपटतात
आणि माझ्याबद्दल काहीबाही बोलतात.

गाडी त्र्याण्णवची ऑडी, फिक्या चहाच्या रंगाची.
वहीत तिचं सगळं आहे, पेन्सिलीनं:
तेल बदललं. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार.
फिल्टर. जोलदोशची उधारी. फेडली.
पुढचे ब्रेक. बर्फ, मेंढ्या, अजून मेंढ्या.
मुलीला आणायला गेलो. रेडिएटरमध्ये पाणी टाकलं. मुलगी आली नाही.
तेल. दोन लाख बारा हजार.

पुढचं पान उलटलं की दोन लाख त्रेचाळीस.
मध्ये एकतीस हजार किलोमीटर, कोरे.
पान फाटलेलं नाही. मी शिवण तपासली, टाके मोजले.
गाडी चालत होती एवढं काटा सांगतो.
आणि टायमिंग बेल्टची नोंद
त्याच्या आधी नाही, नंतरही नाही.

झालं. तेव्हापासून माझे कान बॉनेटखाली.
घाटात रेडिओ बंद. शेजारी बसलेल्याला म्हणते, जरा गप्प बसा.
एकदा चढावर टिक्‌टिक् ऐकू आली,
थांबले, बॉनेट उघडून वाऱ्यात उभी राहिले,
बोटं बधिर होईपर्यंत.
मागे एका वरच्या जबड्यातला सुळा सुटला होता.

मांबेतअलीला फोन केला.
"त्या एकतीस हजारांत काय झालं?"
"चाललो."
"कुठं?"
"इकडं तिकडं." मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
"आणि पट्टा?"
"बदलला असेल," तो म्हणाला. मग जरा दुखावून,
"मी काय पट्टा न बदलणारा माणूस वाटतो?"

दवाखान्यात माणसं गाल सुजवून येतात,
खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात:
काल रात्रीपर्यंत अगदी ठीक होतं हो.
बावीस वर्षं ऐकतेय. एकदाही खरं मानलं नाही.
आणि आता रोज पहाटे, उणे अठरात,
किल्ली फिरवायच्या आधी मीच पुटपुटते:
काल रात्रीपर्यंत ठीक होती.

शेवटी जोलदोशकडे गेले. त्यानं झाकण काढलं,
बॅटरी तोंडात धरून वाकून पाहिलं.
"दिसतो बरा," म्हणाला.
"मग राहू दे?"
"पट्टे तुटायच्या दिवसापर्यंत बरेच दिसतात."

आठ हजार सोम. कोळशाच्या पैशांतून.
जुना पट्टा त्यानं माझ्या हातात दिला, मेलेल्या सापासारखा,
आणि मी सवयीनं अंगठा फिरवत
त्याचे दात मोजले. सगळे जागेवर.
एकही झिजलेला नाही, एकही किडलेला नाही.
"म्हणजे उगाच बदलला?"
जोलदोश हात पुसत राहिला, बराच वेळ, एकेक बोट.
"उगाच होता की नाही
हे कळायची जागा एकच आहे,
आणि तिथं फोन लागत नाही."

रात्री वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं.
बेल्ट. दोन लाख एकसष्ट हजार. जुना चांगला होता, बहुतेक.
त्या कोऱ्या जागेत काही लिहिलं नाही.
ते त्याचे किलोमीटर आहेत, मुलीकडे गेले की कुठे,
मला काय.

वायपर अजून काचेवर रडतात.
ते मार्चमध्ये बघू.
नाही, फेब्रुवारीत.